आमची गुप्त मराठी

झाशीत मराठीत बोललं की कुणाला कळत नाही, या भरवशावर तुम्ही राहू नका. आम्ही राहिलो आणि फसलो. बिजौलीतल्या एका कारखान्यामागच्या नाल्याला जनावरंसुद्धा तोंड लावत नव्हती. आमच्या कॉलेजच्या गटाला त्या पाण्याचा नमुना हवा होता, म्हणून मी आणि माझी आतेबहीण मुक्ता फाटकाशी जाऊन उभ्या राहिलो. मॅनेजरची नजर आमच्या पिशवीवरून हलेना.

"किसने भेजा है आप लोगों को?"

"कॉलेज से हैं, अंकलजी. नाले का पानी देखना है."

"पानी एकदम साफ है, बेटा. घर जाओ."

इतकं गोड बोलणारा माणूस नक्की काहीतरी लपवत असतो. मी हसतहसत मुक्ताला मराठीत म्हटलं, "तू ह्या थेरड्याला बोलण्यात गुंतव, मी मागून बाटली भरून आणते."

थेरडा दचकून म्हणाला, "अगं बाळ, त्या पाण्यात हात घालू नकोस! फोड येतात."

मी विचारलं, "कसले फोड, काका?"

काकांनी ताबडतोब हिंदी गाठली. "कैसे फोड़े? कहा न, पानी एकदम साफ है!"

बाटली आम्ही भरलीच, पण हातमोजे घालून.