फुटणार नाही

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी अणुवीज केंद्रातला एक इंजिनियर आणि त्याची आत्या बसले होते.

“काल सभेत काय ठणकावून सांगितलंस! ‘अणुभट्टीचं भांडं फुटणार नाही!’”

“हं.”

“मी लगेच सुनेला कळवलं, ये बाळाला घेऊन. घर भट्टीला लागून असलं म्हणून काय झालं, भाचा शब्द देतोय.”

“आत्या, गार करणारं पाणी बंद पडून आतलं इंधन वितळलं, तर ते तळाशी साचतं.”

“साचेना का! भांडं चांगलं जाडजूड आहे म्हणालास.”

“आहे. पण तापून मऊ पडतं. तळ खाली लोंबतो, ताणला जातो.”

“आणि फुटतो?”

“फाटतो. नाहीतर त्याआधीच तळात बसवलेली एखादी नळी निसटते आणि भोकातून सगळं खाली.”

“हे सभेत का नाही बोललास?”

“लोकांनी ‘फुटेल का’ एवढंच विचारलं.”

“वा रे वा! लहानपणी बरणी फोडलीस, तेव्हाही ‘तडकली’ म्हणाला होतास.”

“तसं सहसा होत नाही, आत्या.”

“मग माझ्या डोळ्यांत बघून सांग.”

आतून हाक आली, “पुढचे कोण?”

तो ताडकन उठला.

“बस खाली. दाढ माझी आहे. हा धर फोन, सुनेला लावलाय.”