काकूंचा श्वास

गुरुजी : थांब. इथे श्वास कुणी घेतला?

बाई : मीच घेतला असणार. खोलीत बासरी माझ्याच हातात आहे.

गुरुजी : अगं, ही एका दमाची ओळ. तुला ती शिकवता शिकवता माझे केस गेले. उद्या सभागृहात अशी मध्येच तोडलीस, तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याने आपल्या जागी कुणाला बसवलं.

बाई : मग तुम्हीच वाजवा की.

गुरुजी : या कवळीने? फुंकर मारली की आधी तीच बाहेर यायची. चल, पुन्हा घे... झालं. पुन्हा तिथेच.

बाई : दम संपत नाही हो, गुरुजी. छातीत हवा असते, तरी ओठ उचलले जातात. मला भीती वाटायला लागली आहे. उद्याही असंच झालं तर?

गुरुजी : ही खोड माझ्याकडची नाही. कुणाकडून उचललीस?

काकू : येऊ का, बाई? आज भट्टी लवकर विझवली. अगंबाई, पाहुणे आहेत होय?

बाई : या, काकू. हे माझे गुरुजी. आणि गुरुजी, या कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या काकू. साठीनंतर माझ्याकडे शिकायला लागल्या.

गुरुजी : काकू, हीच ओळ वाजवून दाखवता?

काकू : तुमच्यासमोर? करपलेल्या पावासारखी निघेल हं. नंतर नावं ठेवायची नाहीत... हुश्श. दमले बाई. पुढचं वाजवू?

गुरुजी : नको. सापडला चोर.

काकू : अहो, मी काय केलं?

बाई : काही नाही, काकू. तुम्ही दमता तिथे मीही थांबते. तुम्हाला ओशाळं वाटू नये म्हणून. इतकी वर्षं बरोबर वाजवून अंगातच मुरलं ते.

काकू : म्हणजे उद्याचा कार्यक्रम माझ्यामुळे बुडणार? मग मी आपली पावच भाजते.

गुरुजी : बसा हो. उलट तुमच्यावाचून हे सुटायचं नाही. दोघी मिळून वाजवा. तुम्ही खुशाल दम घ्या. आणि तू, त्यांच्यासाठी थांबायचं नाही.

बाई : त्या मागे राहतील.

गुरुजी : राहू देत.

(दोघी वाजवतात. काकूंची बासरी मध्येच थांबते. बाईंची थांबत नाही.)

गुरुजी : हां. आता उद्या पहिल्या रांगेत मी सुखाने पेंगतो.

बाई : काकू, रागावलात? तुम्हाला सोडून पुढे गेले.

काकू : छे हो. मी थांबले म्हणून ऐकू तरी आलं. आजवर मला वाटायचं, ओळ तिथेच संपते.