पाणचक्कीतली हाक

रोवेना : माझ्या दुकानात आवाज चढवायचा नाही, डेन्झिल.

डेन्झिल : मग फाटकाचं कुलूप काढ! ब्रिस्टलहून बसभर माणसं आली होती. कुलपाचे फोटो काढून परत गेली.

रोवेना : काढू देत. नवं आहे कुलूप.

डेन्झिल : पाणचक्कीकडे जायला दुसरी वाट नाही, माहीत आहे तुला.

रोवेना : वाट माझ्या अंगणातून जाते. नवरा गेल्यावर अंगण मला आलं, चक्की तुला.

डेन्झिल : क्लेम माझा भाऊ होता.

रोवेना : भाऊ म्हणे! काल त्या कोपऱ्यात एक बाई बसली होती. चहा ढवळत मला विचारते, “ती हाक दिवसाही ऐकू येते का हो?” म्हटलं, कसली हाक? तर म्हणे, “चाकाखाली सापडलेल्या सुताराची. बायकोला हाका मारत मारत मेला ना बिचारा? चक्कीवाले फार छान सांगतात.”

डेन्झिल : अगं, लोकांना काहीतरी लागतं.

रोवेना : छान सांगतोस म्हणे!

डेन्झिल : नुसतं पीठ पडताना बघायला कोण येतंय? या गावात आहे काय दुसरं? वाकडा मनोरा आणि बुधवारचा बाजार. भूत आलं तेव्हा माणसं आली. तुझी टेबलं कुणामुळे भरतात?

रोवेना : तेच तर! इतके दिवस मी त्यांना केक वाढत होते. आणि ती माणसं माझ्याकडे बघत होती. ही ती बायको, हाका ऐकूनही न गेलेली.

डेन्झिल : असं मी कधी म्हटलं नाही.

रोवेना : म्हणायला कशाला हवं? चक्की इथून हाकेच्या अंतरावर. थंडीत चाकाला बर्फ धरला, तो फोडायला गेला तो. मी इथे, या मोरीशी, कप विसळत होते. खिडकी उघडी होती. तो ओरडलाच नाही, डेन्झिल. एकदा जरी ओरडला असता...

डेन्झिल : मला काय ठाऊक? मी नव्हतो तिथे.

रोवेना : नव्हतास ना? मग तोंड बंद ठेव!

डेन्झिल : आणि चक्कीही बंद ठेवू? तू त्याचं नावसुद्धा घेत नाहीस. मी निदान घेतो.

रोवेना : विकतोस तू ते.

(दाराची घंटा वाजते. पाठीवर पिशवी घेतलेली एक तरुण मुलगी आत येते.)

मुलगी : माफ करा, ती भुताची चक्की कुठून लागते?

रोवेना : हे काय, चक्कीवालेच उभे आहेत. सांग रे. माझ्यासमोर सांग, छान रंगवून.

डेन्झिल : भूत... भूतबित काही नाही तिथे. आधी एक माणूस काम करायचा. माझा भाऊ.

मुलगी : अच्छा. मग बघण्यासारखं काय आहे?

रोवेना : चाक आहे. सगळं ओकच्या लाकडाचं. पावसाळी दिवसांत असं फिरतं, की पायाखालची फळी थरथरते. चला, मी दाखवते.

डेन्झिल : तू? त्या दिवसानंतर तू फाटकापलीकडे पाऊल टाकलं नाहीस.

रोवेना : तुला कुणी विचारलं? ओव्हनकडे लक्ष ठेव. स्कोन करपवू नकोस.