शिंगवाले, हाडवाले आणि माझा धाकटा भाऊ

आदरणीय अध्यक्षमहाशय, त्यांच्या उजव्या हाताला बसलेले प्रमुख पाहुणे, डाव्या हाताला बसून आत्तापासूनच घड्याळाकडे पाहणारे कार्यवाह, घडीचे चाकू संग्राहक मंडळाचे पहिल्या रांगेतले सन्माननीय शिंगवाले सभासद, मधली वाट सोडून पलीकडे बसलेले तितकेच सन्माननीय हाडवाले सभासद, दाराजवळ उभी असलेली आणि कुठल्याच गटात नसलेली मंडळी, आणि ज्याला निरोप देण्यासाठी आपण सगळे जमलो आहोत तो माझा धाकटा भाऊ, तुम्हां सर्वांना नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत आणि एक कार्डही दिलं आहे. कार्डावर चार वाक्यं टाइप केलेली आहेत. पहिल्यात मला धन्य वाटतं, दुसऱ्यात भावाला विश्रांतीची ओढ लागली आहे, तिसऱ्यात मंडळाचे उपकार फिटणार नाहीत, आणि चौथं असं आहे : 'त्याची हत्यारं आज मी मंडळाच्या स्वाधीन करते.' ते वाचून झालं की टेबलावरची ही लाकडी पेटी मी अध्यक्षांच्या हातात द्यायची, फोटो काढायचा आणि चहाला जायचं. मागे ते काचेचं कपाट तयार आहे. आतल्या निळ्या मखमलीत प्रत्येक कानशीच्या, प्रत्येक पटाशीच्या मापाचा खड्डा केलेला आहे. काम सुबक आहे, त्याबद्दल अभिनंदन. फक्त आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर्सनी छडी हातात घेऊन मला एक गोष्ट शिकवली होती, की जे खरं नाही ते मोठ्यानं वाचायचं नाही. त्यामुळे कार्ड मी खाली ठेवते.

माझा भाऊ चाळीस वर्षं चाकूच्या मुठी घडवतो आहे. पाती बाहेरून येतात, मुठी तो बसवतो. त्यातली अर्ध्याहून जास्त वर्षं तुम्हीच त्याचे मोठे गिऱ्हाईक, हे मी विसरलेले नाही. तुमच्या रसिकतेबद्दल मी काय बोलणार? शिंगाच्या मुठीतली फिकट रेघ डावीकडून उजवीकडे चढत गेली पाहिजे, उतरली तर ती मूठ अपशकुनी, असं ठामपणे सांगणारे सभासद इथे आहेत. हाडाचा रंग जुन्या दातासारखा हवा की जुन्या पत्रासारखा, यावरून दोन सख्ख्या साडूंनी तीन वर्षं बोलणं टाकलं होतं. त्यांच्या बायका माझ्याकडे येऊन रडायच्या. मी त्यांना म्हणायचे, बायांनो, रडता कशाला, घरात शांतता आहे ना?

आणि वापरलेल्या मुठीची तुम्हाला किती आवड! मूठ वापरलेली हवी, पण ती वापरायची मात्र कुणी नाही. आपले विमा कचेरीतले सभासद, हो, तुम्हीच, खाली बघू नका, यांनी त्यावर उपाय काढला. नवी मूठ घेतली की ती सासूबाईंच्या हातात द्यायची. सासूबाईंच्या तळहाताला घाम कमी, त्यामुळे चकाकी एकसारखी येते. ती माउली रोज टीव्हीपुढे दोन तास चाकू धरून बसायची. चाकू बंद असायचा, पण जावई समोर असताना तिनं तो बंदच ठेवला याला मी मनाचा मोठेपणा म्हणते. प्रदर्शनात त्या मुठीखाली चिठ्ठी होती, 'एका जुन्या घराण्याच्या नित्य वापरातील'. पहिलं बक्षीस मिळालं. सासूबाईंना कुणी बोलावलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीचं प्रदर्शन तर मी जन्मात विसरणार नाही. याच सभागृहात, याच दारात लाल फीत बांधलेली होती. आत दोनशे दहा चाकू. प्रमुख पाहुण्या फीत कापायला उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पुढे केला. सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. शिंगवाले म्हणाले, हाडवाल्यांनी द्यावा. हाडवाले म्हणाले, पात्यावर बोटांचे ठसे उठतात. शेवटी समोरच्या शिंप्याकडून कात्री आणली. शिंप्यानं दारातूनच विचारलं, आत काय आहे हो? मी सांगितलं असतं, पण मला हसू आवरत नव्हतं.

मी तीस वर्षं शस्त्रक्रियागृहात परिचारिका होते. सर्जनच्या तळहातावर हजारो वेळा चाकू ठेवला. त्याच्या मुठीचं कौतुक करताना मी कुणालाही पाहिलं नाही. ती हातात नीट बसली की कुणाच्या लक्षातही यायची नाही, आणि नाही बसली तर लक्षात यायची ती पेशंटच्या. असं असूनही सांगते, मी काही तुमच्याहून शहाणी नव्हते. भावानं मला माझ्या निवृत्तीला शिंपल्याच्या मुठीचा चाकू दिला, त्यावर केसाएवढ्या बारीक रेघांची जाळी कोरलेली. मी तो कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवला. सफरचंद मी स्वयंपाकघरातल्या साध्या सुरीनंच कापते. तेव्हा या हसण्यात मीही आहे, फक्त माझ्या चाकूखाली चिठ्ठी नाही.

कार्यवाहांनी घंटी वाजवली. ऐकली मी. मुद्द्यावरच येते आहे.

तीन वर्षांपूर्वी भावाच्या कारखान्यात, म्हणजे आमच्या घरामागच्या त्या पत्र्याच्या खोलीत, एक माळीणबाई आल्या. गुलाबाची कलमं बांधणं हा त्यांचा धंदा. बोटांचे सांधे सुजून गाठी झालेल्या, मूठ वळत नव्हती. चाकू हातात फिरायचा आणि अंगठा कापला जायचा. त्यांनी माझ्या भावासमोर त्याचीच एक जुनी, नाजूक, जाळीची मूठ टाकली आणि म्हणाल्या, "दादा, ही दिसायला छान आहे. आता हिला धरायचं कसं, तेवढं सांगा."

तो दोन दिवस ती मूठ उलटीसुलटी धरून पाहत बसला. तिसऱ्या दिवशी बाईंना बोलावून त्यानं त्यांच्या हातात ओल्या मातीचा गोळा दिला आणि सांगितलं, चाकू धरता तसा धरा. गोळ्यावर जे खळगे उमटले त्यावरून त्यानं लाकडाची मूठ घडवली. जाड, वाकडी, एका बाजूला फुगलेली, दुसरीकडे दबलेली. रताळ्यासारखी म्हणा ना. बाईंनी ती धरली आणि अंगणातली एक काडी कापली. मग दुसरी कापली. मग आमच्या कुंपणाची मेंदी टोकापर्यंत कापत गेल्या, चाकू खिशात टाकला आणि आभार न मानताच निघून गेल्या. माझा भाऊ आठवडाभर शीळ घालत होता. सहासष्टाव्या वर्षी.

मग लोक यायला लागले. चपला शिवणारे एक काका, पोस्टात पार्सलांच्या सुतळ्या कापून कापून मनगट गेलेली कारकूनबाई, दोनच बोटं राहिलेला एक सुतार. सगळ्यांच्या हातात आधी मातीचा गोळा. ती मूठ त्या एकाच हातात बसते, दुसऱ्याच्या हातात नुसतं ओझं. तुमच्या कपाटात तर ती उभीसुद्धा राहणार नाही.

आता हा निरोप समारंभ कसा ठरला ते ऐका, कारण ते कार्डावर नाही. दरवर्षी भाऊ मंडळासाठी एक खास मूठ करतो. सव्वीस वर्षांच्या सव्वीस मुठी त्या भिंतीवर ओळीनं लागल्या आहेत. या वर्षी अध्यक्षमहाशय सत्ताविसावी न्यायला आले. भावानं मोठ्या आनंदानं त्यांच्यासमोर त्याचं रताळं ठेवलं. अध्यक्षांनी ते फिरवून पाहिलं आणि विचारलं, याची पुढची बाजू कुठली? तो म्हणाला, पुढची अशी नाहीच. मग त्यांनी अगदी मायेनं त्याच्या डोळ्यांची चौकशी केली. मग झोपेची. जाताना मला फाटकाशी बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, हे असं कधीपासून?" मला वाटलं, त्यांना मूठ आवडली. मी अभिमानानं सांगितलं, तीन वर्षं झाली. ते मान हलवत गेले, आजाऱ्याला भेटून जावं तसे.

तीन आठवड्यांनी छापील निमंत्रणपत्रिका आली. माझ्या भावाच्या निरोपाची. माझ्या भावाला.

त्यानं ती दोनदा वाचली. मी विचारलं, तू काम सोडतो आहेस हे तुला कुणी सांगितलं? म्हणाला, कुणी नाही, पण ठरलेलं दिसतंय. मी म्हटलं, मग नाही म्हणून कळव. तर हा मला काय म्हणाला असेल? "ताई, पत्रिका छापल्यात गं. शंभर. आता नाही म्हटलं तर त्यांची केवढी पंचाईत होईल." असा हा माणूस. त्याच्यावर ओरडून काही उपयोग नसतो, मी ओरडून पाहिलं. दुसऱ्या दिवशी माळीणबाई आधी सांगून ठेवलेली नव्या चाकूची मूठ न्यायला आल्या, तर यानं त्यांना दारातूनच सांगितलं की मी आता थांबतोय. त्या स्वतःच्या हातांकडे पाहत उभ्या राहिल्या. मी खिडकीतून पाहिलं, आणि तेव्हाच ठरवलं की बोलायला मी जाणार.

सभासदहो, सव्वीस सुबक मुठींच्या शेवटी एक रताळं आलं तर तुमचा संच बिघडतो, हे मला समजतं. मग भिंतीवर सव्विसाव्या मुठीनंतर पडदा लावा. माणसाला कशाला लावता? त्याचे डोळे उत्तम आहेत, मीच तपासून आणले. हात थरथरत नाहीत. तो म्हातारा झाला म्हणून जाळी सोडली असं तुम्हाला वाटतं. त्यानं जाळी सोडली कारण चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला मूठ कशासाठी असते ते एका बाईनं विचारलं. तुम्ही कधी विचारलंत?

अध्यक्षमहाशय, पेटीकडे बोट दाखवू नका, दिसते आहे मला. ती माझी नाही आणि तुमचीही नाही. ज्याची आहे तो तिसऱ्या खुर्चीवर बसला आहे, पुष्पगुच्छाच्या मागे. त्यालाच विचारू. ऊठ रे. गुच्छ खाली ठेव. माईक नको, तसाच बोल. पेटी द्यायची का?

बोल. पत्रिका छापल्या, समारंभही झाला, आता कुणाची पंचाईत उरलेली नाही.

मागच्या लोकांना ऐकू गेलं नसेल, म्हणून मी सांगते. तो म्हणाला, "ताई, माळीणबाईंची मूठ वाइसच्या पकडीत अर्धी करून तशीच ठेवलीय. पटाशी लागेल."

झालं तर मग.

मंडळानं दिलेल्या मानपत्राबद्दल, फुलांबद्दल, आणि ज्या चहाला मी उशीर करते आहे त्या चहाबद्दल आम्हा दोघांकडून मनापासून आभार. मखमलीतल्या खड्ड्यांचं काय करायचं ते मंडळानं सवडीनं ठरवावं. माझ्या बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, तर म्हातारीचं बोलणं म्हणून पोटात घाला. विम्याच्या सभासदांनी माझा नमस्कार सासूबाईंना सांगावा.

आणि शिंगवाल्यांतला एक, हाडवाल्यांतला एक, असे दोघं जण जरा वर या. पेटी गाडीपर्यंत न्यायची आहे. जपून उचला. आत नुसतं लोखंड आहे, आणि आजवर तुमच्यापैकी कुणी ती उचलून पाहिलेली नाही.