गेम कोण लावणार

(ताईची खोली. ताईच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी. पलंगावर छोटीचा उघडलेला लॅपटॉप. बाबा खिडकीपाशी.)

ताई: किल्ली मिस्त्रीला द्या म्हटलं ना, बाबा. माझे डोळे सुधारेपर्यंत वर्कशॉप तो बघेल. विषय संपला.

छोटी: घरची मुलगी असताना मिस्त्रीला कशाला?

ताई: तू काउंटरवर बसतेस ना, पावत्या फाडतेस ना, तेच कर. कुठली पंपाची मोटार आधी दुरुस्तीला घ्यायची, कुठल्या गिऱ्हाइकाला थोपवायचं, तांब्याची तार कधी मागवायची, हे सगळं पुढचं बघून ठरवावं लागतं. तुला नाही झेपायचं.

बाबा: ताई बोलते फटकळ, पण खोटं नाही बोलत, छोटी. पुढचं बघणं तुला लहानपणापासून जरा कमीच.

छोटी: हे तुम्हाला कुठून कळलं?

बाबा: कुठून म्हणजे? कॉम्प्युटरवर तो लढाईचा गेम खेळायचात की दोघी. एकीची चाल झाली की दुसरीची. मी बाजूला पेपर वाचत बसायचो. तू रोज हरायचीस. मी तेव्हाच मनाशी ठरवलं, वर्कशॉप मोठीच्या हाती द्यायचं.

छोटी: मग आजही तसंच ठरवा. तोच गेम आणलाय मी. जिंकेल तिला किल्ली.

ताई: अगं, मला दिसत नाहीये.

छोटी: चालीचाच तर खेळ आहे, त्यात घाई कसली? पडद्यावर काय आहे ते मी वाचून सांगते, तू नुसते हुकूम सोड. साक्षीला बाबा आहेत.

बाबा: खेळा गं. तेवढाच हिचा वेळ जाईल. आणि मी शब्द देतो, जिंकेल तिला किल्ली.

ताई: डोळे बांधून हरवीन तुला. लाव.

छोटी: लावते. बघ कशी गंमत, आज गेम मी लावतेय. नाहीतर तुझं ठरलेलं असायचं, ‘मी गेम लावते, तू खुर्ची आण.’

बाबा: हो, ती स्वयंपाकघरातली जड खुर्ची. फरशीवरून ओढत आणायची बिचारी.

छोटी: आणि आणेपर्यंत गेम सुरू झालेला असायचा. बोल ताई, लेव्हल कुठली? सोपी, मधली, कठीण, महाकठीण?

ताई: मधली. दोघींना...

छोटी: दोघींना काय?

ताई: काही नाही. मधली लाव.

छोटी: बरं. झालं सुरू. लहानसा नकाशा आहे, मधून नदी. पलीकडे तुझं गाव, अलीकडे माझं. तुझ्याकडे दोन शिपाई.

ताई: दोनच? तुझ्याकडे किती?

छोटी: ते तुला माझ्या गावापाशी आल्यावर दिसेल. नेहमी असंच असतं ना?

ताई: हं. एक शिपाई नदी ओलांडायच्या उताराशी उभा कर, एक गावात ठेव. गावकऱ्यांना शेतावर पाठव.

छोटी: पाठवले. आता माझी चाल. झाली. पुन्हा तू.

ताई: शेतंच वाढव. पोट भरलेलं असलं की सैन्य आपोआप उभं राहतं. हे तुला कधी कळलंच नाही.

छोटी: खरंय, नाही कळलं. वाढवली शेतं... अगंबाई. ताई, तुझं धान्य संपलं. गावात उपासमार सुरू झाली.

ताई: इतक्यात कशी होईल? शेतं केली ना मी?

छोटी: केलीस. पीक निम्मंच आलं.

बाबा: निम्मं का बरं?

छोटी: कुणास ठाऊक, बाबा. माझ्या गावात तर कायम असंच व्हायचं. मी रडकुंडीला यायचे आणि ताई म्हणायची, शेती करायलाही डोकं लागतं.

ताई: छोटी.

छोटी: काय? चाल तुझी आहे.

ताई: बाजार बांध. धान्य विकत घेऊ.

छोटी: तेवढं सोनं नाही तुझ्याकडे. बाजार फार महाग आहे.

ताई: बाजार इतका महाग नसतो.

छोटी: कुणाला नसतो?

बाबा: काय गं, काही गडबड आहे का?

छोटी: बघ, बाबा विचारताहेत. काही गडबड असली तर सांगून टाक, ताई. लगेच थांबवू.

ताई: काही नाही, बाबा. गावाभोवती तट बांधायला घे.

छोटी: घेतला. पण उपाशी माणसं बांधणार किती? इकडे माझे घोडेस्वार नदी उतरले. तुझा उतारावरचा शिपाई गेला.

ताई: तू मुद्दाम करतेयस हे.

छोटी: काय करतेय? नीट सांग ना. बाबांनाही ऐकू दे.

ताई: काही नाही. तट पुरा कर.

छोटी: मग घोडेस्वार पुढे नेऊ? तट अर्धाच झालाय तुझा. ही चाल झाली की गाव पडेल, आणि किल्ली माझी.

ताई: बाबा, ही लबाडी करतेय. यात दोघींना वेगवेगळी लेव्हल लावता येते. हिने स्वतःला सोपी घेतलीय आणि मला महाकठीण लावलीय.

बाबा: तुला तर दिसत नाहीये. तुला कसं कळलं?

छोटी: हां. सांग ना, ताई. न बघता कसं ओळखलंस?

ताई: ओळखलं कसंतरी.

छोटी: मी सांगते, बाबा. मागच्या महिन्यात माझ्या लेकीला हा गेम घेतला. गेमने लेव्हल विचारली, मी दिली. त्याने परत विचारली. मला वाटलं, बिघडलाय. मग नीट वाचलं, तर पहिल्या खेळाडूची वेगळी, दुसऱ्याची वेगळी. लेक म्हणत होती, आई, लाव ना. मी खुर्ची ओढत यायचे तेव्हा ही काय करत होती, ते मला त्या दिवशी कळलं.

बाबा: खरं आहे का हे?

ताई: लहान होते मी, बाबा.

छोटी: मी तुझ्याहून लहान होते. स्वतःला ढ म्हणत मोठी झाले मी. बाबांनी मला पुढे शिकवलं नाही, काउंटरवर बसवलं, तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. म्हटलं, बरोबरच आहे, आपल्याला साधा खेळ जमत नाही.

बाबा: मी... पडद्याकडे कधी बघितलंच नाही गं मी.

छोटी: नाही बघितलंत. तुमच्यावरचा राग वेगळा आहे, तो नंतर काढीन.

बाबा: पण आज तूही लबाडीच केलीस की.

छोटी: केली. आणि मला तिळमात्र वाईट वाटत नाहीये. महिनाभर या दिवसाची वाट बघत होते. तिला कळावं आणि तोंड उघडता येऊ नये, एवढंच हवं होतं मला.

ताई: पहिल्या खेळाला सारखीच लेव्हल लावली होती मी.

छोटी: कुठल्या पहिल्या?

ताई: तुला आठवत नसेल. बाबा घरी नव्हते. तू मला धुऊन काढलंस. मी म्हटलं, हा मोजायचा नाही, हा नुसता सराव. दुसऱ्या दिवसापासून तुला खुर्ची आणायला पाठवायला लागले.

बाबा: आणि तरी ही रोज हरायची.

ताई: हरायची. पण मी आज चार-पाच चालींत संपले. ही याच लेव्हलवर तासन् तास टिकायची. एकदा तर माझ्या वेशीपर्यंत आली होती.

छोटी: त्या दिवशी वीज गेली होती.

ताई: वीज गेली नव्हती. मी पायाने वायर ओढली. शिव्या दे हव्या तर.

छोटी: तुझी चाल आहे, ताई.

ताई: आता कसली चाल? काही उरलं नाही माझ्याकडे.

छोटी: मग मी चालते. हे घोडेस्वार आत आले. गाव पडलं.

बाबा: घे, छोटी. ही मोठी किल्ली शटरची, ही आतल्या कपाटाची. उद्यापासून मिस्त्री तुला विचारून काम घेईल.

ताई: आणि मी?

छोटी: पट्टी सुटली की ये वर्कशॉपवर. परत खेळू.

ताई: सारख्या लेव्हलवर?

छोटी: ते आल्यावर कळेल. गेम मी लावीन. तू खुर्ची आण.