आलेखात न बसणारा ठिपका

अरे, परवा आमच्या भाचीनं माझी परीक्षाच घेतली. मी ब्लॉकचेनवरच्या एका साइटवर लिहितो. वाचकांची मतं पडली की लेखकाला डिजिटल नाणी मिळतात. भाची हडपसरला आयटीत. माझ्या लेखांची लांबी आणि मिळालेली नाणी, असा आलेखच काढून घेऊन आली.

“मामा, लांब लिहिलंस की जास्त मिळतं. फक्त हा एक ठिपका नडतोय. तीन ओळी, आणि नाणी सगळ्यांत जास्त! असले अपवाद आम्ही काढून टाकतो. काढू?”

“आधी वाच तरी.”

तिची मामी गेली, त्या आठवड्यात लिहिलेल्या ओळी होत्या. तिनं त्या वाचल्या.

“सॉरी मामा. काय करू या ठिपक्याचं?”

“राहू दे. तुझ्या मामीला विचारल्याशिवाय मी घरातली रद्दीसुद्धा कधी काढली नाही.”