गाडीतली जुनी ठिकाणं

न्हाई न्हाई दादा, पुसू नको ते! थांब. आमच्या ह्यांनी सांगितलं म्हणून लगेच पुसतोस काय? — ते, अमृतराव, तिकडं तुमच्या साहेबासंग चहा पिऊन राहिले, येतील तवा येतील. मला आधी सांग, माणूस कुठं कुठं गेला ते ही गाडी ध्यानात ठेवती ना? हाव? मग तेच पुसायची घाई कशाला? गाडी सर्व्हिसिंगला आणली, तर तेल बदल, ब्रेक बघ — जुनी ठिकाणं पुसा म्हणून कोण सांगतं?

खरं सांगू, ही पडद्यातली बाई मला पहिल्यापासून पटली न्हाई. 'पुढे डावीकडे वळा' — कसं गोड बोलती! लांब लांब हिंडलो आम्ही हिच्या भरवशावर, बिदर काय, सोलापूर काय. पण हुमनाबादला लग्नाला निघालो होतो, हे पंपावर खाली उतरले, अन् मी गाणं लावायला बोट टेकवलं तर जुनी ठिकाणं उघडली. सगळ्यात वर — भोकर! अन् मला सांगायचे, नांदेडला चाललो, मालाच्या कामाला. भोकरला यांचं कोण हाय? ना सोयरा, ना व्यापारी. साठी उलटली म्हणून काय झालं — शक यायचाच की. हसू नको, तुझ्या बायकोला आला नसता?

मग हे रेल्वेनं मुंबईला गेले, तवा ड्रायव्हर बसवंतला म्हणलं, ही बाई सांगंल तिकडं ने. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, नांदेड मागं पडलं — मी आपली त्या दुसरीला काय काय बोलायचं ते मनात जुळवून राहिले. भोकरात एका गल्लीत बाई म्हणली, पोचलात. हिरव्या दाराचं घर. गाडी बघून आतून एक जण हसत पळत आली, कडेवर लेकरू, लेकराच्या गळ्यात आम्हा लिंगायतांचं चांदीच्या डबीतलं लिंग — "अप्पा आले, अप्पा आले!"

मंजुश्री होती. माझी लेक. जातीबाहेर लग्न केलं तवा हेच म्हणले होते, या घरात तिचं नाव निघायचं न्हाई. न्हाई काढलं मी. पूजेला बसले की मनात काढायची, तोंडानं न्हाई. अन् ती मला काचेतून बघून जागच्या जागी थांबली. म्हणली, "आई, तू कशी आलीस? अप्पा तर म्हणतात, माझं नाव निघालं की तू ताटावरून उठतीस."

ऐकलंस? मला एक सांगायचं, तिला एक! नात रांगली, चालायला लागली, तिच्या गळ्यात लिंग बांधलं — सगळं ह्यांनी एकट्यानं बघितलं. अरे, दुसरी बाई निघाली असती तर भांडले असते, चार लोकं बसवले असते. याला काय म्हणू मी?

अजून त्यांना काय बोलले न्हाई. ताट वाढते, गोळ्या देते, अन् तोंडाकडं बघत राहते — आज काय खोटं सांगतात. बसवंतच्या तोंडून काहीतरी निसटलं असंल, म्हणून तर ही पुसापुशी...

हाव, आले ते, दिसले मला. तू एक कर — भोकर लाव. आत्ताच. आवाज मोठा ठेव. मी पुढंच बसते, त्यांच्या शेजारी. गाडी चालू केली की ह्या पडद्यातल्या बाईलाच बोलू दे पहिलं. लागलं? मग उतर खाली. अन् त्यांनी विचारलं तर म्हण — न्हाई, काय म्हणू नको, तू जा. जा म्हणते ना!